रिकाम्या स्टँडच्या आठवणी टिपून ठेवायच्या असतील तर

महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली आणि २०१० साली संघच बंद झाला. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, दुसरा आला, २०१५ नंतर तोही नाही. मुंबई एफसी २०१७ पर्यंत टिकला, एफसी पुणे सिटी २०१९ पर्यंत. या क्लबांचे गोल, निकाल, गुणतक्ते शोधले की मिळतात. पुण्यात बालेवाडीच्या स्टेडियमला उन्हात बसलेली मूठभर माणसं कोण होती, कुठून यायची, का यायची, हे मात्र त्यांच्याच डोक्यात आहे. त्यातली काही आमच्या नाशिकची. मी सातपूरला कंपनीत आहे, पाळीची अदलाबदल करून मीही त्यांच्यात जाऊन बसायचो. आता त्या मंडळींना गाठून त्यांच्या आठवणी लिहून घेतो. क्लब हयात असेल तर वाईट दिवसांची आठवण पुढच्या चांगल्या दिवसांत कोणीतरी काढतं. बंद पडलेल्या क्लबाचं तसं होत नाही, म्हणून हे काम आपल्यालाच करावं लागतं. तुमचा क्लब कोणताही असो, ही पद्धत उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट: "किती लोक होते?" हा प्रश्न सुरुवातीला अजिबात विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं, "अहो, शंभरसुद्धा नसतील." दर वेळी सांगताना ती गर्दी आणखी आटते. माणूस खोटं बोलत नसतो. त्याला त्या दिवशी एकटं वाटलं होतं, तेच तो आकड्यात सांगतो.

त्याऐवजी विचारा, "घरून निघालात कसे?" नाशिकच्या माणसाला मॅचपेक्षा प्रवास जास्त पक्का आठवतो. ठक्कर बाजारला किती वाजता एसटी धरली, संगमनेरला काय खाल्लं, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये पहिला हाफ कसा बुडाला, नाशिक फाट्याला उतरून पुढे रिक्षावाला बालेवाडीला यायला तयार होता का. एवढं बोलून झालं की माणूस स्टँडपर्यंत आपोआप पोहोचतो आणि मग कुठे बसला, शेजारी कोण, हे न विचारता येतं. माझ्या ओळखीच्या एका काकांनी अर्धा तास फक्त रस्ता सांगितला. मी मधे बोललो नाही. त्यानंतर त्यांनी शेजारच्या रांगेत बसणाऱ्या एका बाप-लेकीचं जे वर्णन केलं, ते मला कुठल्याही निकालापेक्षा मोलाचं वाटतं. मुलगी वहीत बदली खेळाडूंचे नंबर लिहायची. पुढच्या मोसमात ती दोघं आली नाहीत, आणि काका अजून विचारतात की ती कुठे गेली असतील.

रस्त्याचा दुसरा फायदा तारखा तपासायला होतो. कोणी म्हणालं की एफसी पुणे सिटीची मॅच संपवून वाकडेवाडीच्या स्टँडवरून रात्रीची गाडी धरली, तर तिथे खूण करून ठेवा. मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं एसटी स्टँड वाकडेवाडीला हलवलं ते २०१९ च्या अखेरीस, आणि तोवर क्लब संपला होता. दोन वेगळ्या प्रवासांची सरमिसळ झालेली असते. त्या माणसाला चुकीचं ठरवायचं नाही. "तेव्हा स्टँड शिवाजीनगरलाच होतं ना?" एवढंच म्हणायचं. बहुतेक वेळा तो स्वतःच गुंता सोडवतो.

नंतरचा प्रश्न कानांचा. काय ऐकू यायचं? भरलेल्या स्टेडियममध्ये फक्त गोंगाट आठवतो. रिकाम्यात गोलकीपरची हाक ऐकू येते, बुटाला बॉल लागल्याचा आवाज येतो, बाकावरून कोच काय ओरडतोय ते शब्दन् शब्द कळतं. आपण एखाद्या विंगरचं नाव घेऊन ओरडलो तर तो वळून बघायचा. हे सुख गर्दीला मिळत नाही, आणि पडत्या काळातला प्रेक्षक ते अभिमानाने सांगतो. इथे घाई करू नका.

आता आकड्यांकडे या. माणूस सांगतो ते एक, अधिकृत आकडा दुसरा, आणि दोन्ही जसेच्या तसे लिहा. अधिकृत आकडा कधी विकलेल्या तिकिटांचा असतो, कधी वाटलेल्या पासांचा. बसमधून आणलेली शाळेची मुलं हाफ टाइमला परत नेली की दुसऱ्या हाफचं स्टँड वेगळंच दिसतं. जुना फोटो मिळाला तर एक ब्लॉक धरून डोकी मोजा, फोटोत न दिसणारी बाजू कोणती ते लिहा, आणि फोटो कितव्या मिनिटाचा आहे ते घड्याळावरून किंवा स्कोअरबोर्डवरून काढा. हाफ टाइमचा फोटो मोजणीला घेऊ नका, निम्मे लोक पाण्याला आणि चहाला गेलेले असतात.

आकडा मिळाला की त्या संध्याकाळी आणखी काय चालू होतं ते शोधा. याचं मोठं उदाहरण लंडनचं आहे. ५ मे १९६६ ला आर्सेनलच्या हायबरी मैदानावर लीड्सविरुद्धच्या लीग सामन्याला फक्त ४,५५४ प्रेक्षक होते. त्याच रात्री लिव्हरपूल आणि बोरुसिया डॉर्टमुंड यांची कप विनर्स कप या युरोपातल्या स्पर्धेची फायनल टीव्हीवर होती. नुसता आकडा वाचणाऱ्याला वाटेल की लोकांनी आर्सेनलकडे पाठ फिरवली. संघाचे दिवस बरे नव्हते हे खरं, पण त्या रात्री टीव्हीसुद्धा आड आला होता. आपल्याकडे क्रिकेटचा सामना, बोर्डाची परीक्षा, गणपती, लग्नाची तिथी, सगळं बघावं लागतं. जुन्या स्थानिक स्पर्धांचं काम करत असाल तर 'गावकरी' आणि 'देशदूत'चे जुने अंक चाळायला मिळतात का, याची सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. क्रीडा पानाबरोबर पहिलं पानही वाचा.

स्पर्धा कोणती होती हेही विचारायला विसरू नका. मँचेस्टर सिटी १९९८-९९ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या पातळीवर घसरली होती, तरी लीगच्या घरच्या सामन्यांना सरासरी २८ हजारांवर माणूस येत होता. त्याच मोसमात, मेन रोड या त्याच घरच्या मैदानावर, मॅन्सफील्डविरुद्ध खालच्या क्लबांच्या एका कप स्पर्धेत ३,००७ लोक होते. दोन चाहते भेटले, एक म्हणाला मैदान भरायचं, दुसरा म्हणाला ओस पडायचं, तर दोघंही खरे असू शकतात.

आपल्या जवळचं सगळ्यात चांगलं उदाहरण जून २०१८ चं. १ जूनला अंधेरीला इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, सुनील छेत्रीने हॅट्ट्रिक केली, आणि बघायला होते २,५६९ जण. मग छेत्रीने व्हिडिओ करून विनंती केली: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता आणि सगळी तिकिटं संपली. तीनच दिवसांचा फरक. नाशिकहून त्या दुसऱ्या मॅचला गेलो असं सांगणारे भरपूर भेटतात, आणि मला त्यांचा आनंद खराच वाटतो. पण तुमच्या वहीसाठी १ जूनचा माणूस शोधा. कसारा घाटातून गाडी घालून जो त्या दिवशी गेला होता, त्याच्याकडे तीन दिवस आधी एक कारण होतं. ते कारण लिहून घ्या.

येणं सोडलेल्या लोकांकडेही जा. हे मी सर्वांत महत्त्वाचं मानतो आणि बहुतेक जण नेमकं हेच टाळतात. न येणाऱ्यांवर राग असतो, मलाही होता. पण पडता काळ समजायचा असेल तर ज्याने एका मोसमानंतर जाणं थांबवलं त्याच्याशीच बोलायला हवं. आमच्यातला एक जण आय-लीगला पुणे एफसीसाठी नियमित यायचा. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आली, त्याच बालेवाडीत एफसी पुणे सिटीकडून डेव्हिड त्रेझेगेसारखा वर्ल्ड कप जिंकलेला खेळाडू उतरला, दिवे, संगीत, गर्दी. हा मात्र येईना. मला वाटलं होतं त्याचा उत्साह संपला. विचारल्यावर म्हणाला, "दादा, मी त्या क्लबचा होतो. हा दुसरा आहे." आणखी एकाच्या वडिलांचं दुखणं निघालं, एकाची पाळी बदलली, एकाला परतीची गाडी सापडत नव्हती आणि बायकोला रात्रभर जागं ठेवणं पटेना. स्टँड रिकामं होतं ते असं, एकेका घरामुळे. त्यांना विचारताना "का सोडलंत?" म्हणू नका, जाब विचारल्यासारखं होतं. "शेवटची बघितलेली मॅच कोणती?" असं विचारा.

वयस्कर माणसं भेटली तर मुंबईच्या कूपरेज मैदानापर्यंत मागे जा. रोव्हर्स कप, मफतलाल, टाटा, आरसीएफ, एअर इंडिया. कंपन्यांच्या संघांचा प्रेक्षक कंपनीतूनच यायचा आणि नोकरीबरोबर तोही पांगला, हे त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे.

रेकॉर्डिंग घरी करा. मिसळीच्या हॉटेलात करू नका, तिथे बोलणं रंगतं पण भांड्यांखाली शब्द जातात. पंखा बंद, फोन टेबलावर, खिशात नाही. आधी परवानगी घ्या आणि नाव छापायचं की नाही तेही तेव्हाच विचारा. तिकिटं, पास, स्कार्फ निघाले तर मागून नेऊ नका, तिथेच फोटो काढा, मागची बाजूसुद्धा. खूपदा मागे पेनाने स्कोअर लिहिलेला असतो.

लिहून झालं की त्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. तो बदल सांगेल, त्यातले मान्य करा. पण दोन मित्रांच्या आठवणी जुळत नसतील, एक म्हणतो पाऊस होता आणि दुसरा म्हणतो ऊन, तर मधला काहीतरी तिसरा हवामान-अंदाज काढून लिहू नका. दोघांचं दोघांच्या नावावर ठेवा. फाइलच्या नावात मॅचची तारीख, संघ आणि बोलणाऱ्याचं आद्याक्षर असू द्या. एक प्रत तुमच्याकडे, एक पेन ड्राइव्हवर, आणि एक कागदावर छापून त्यांच्या घरी द्या. नातवंडांपैकी कोणी घरात असेल तर ती त्यांच्या हातात द्या.