घट बसायच्या आत मॉन्स्टेराची जागा बदला

पितृपंधरवडा सुरू आहे. सोयाबीन पिवळं पडायला लागलंय आणि दुपारी ढग फाकले की अंग भाजतंय. घरातल्या कुंड्यांसाठी वर्षातला सगळ्यात नाजूक काळ हाच. घरातलं झाड एप्रिल-मेमध्ये जळतं असं आपण धरून चालतो, आणि ऑक्टोबरात बेसावध सापडतो. कऱ्हाडला माझा चार वर्षांचा मॉन्स्टेरा (मोठ्या, चिरा पडलेल्या पानांचा शोभेचा वेल) दसऱ्याच्या आठवड्यात असाच भाजला. पावसाळाभर गॅलरीत सुखात होता, म्हणून तिथेच राहू दिला. तीन दिवसांत चार पानांवर कागदासारखे पांढरट-तपकिरी डाग पडले. असे डाग पुन्हा हिरवे होत नाहीत. त्यानंतर दर वर्षी घट बसायच्या आत मी कुंड्या हलवतो, तुम्हीही हलवा.

मॉन्स्टेरा मूळचा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलातला, मोठ्या झाडांचा बुंधा धरून वर चढणारा वेल. पानांतून गाळून आलेला भरपूर उजेड त्याला हवा असतो, डोक्यावरचं ऊन नको. जून ते सप्टेंबर ढगाळ उजेडात फुटलेलं त्याचं पान पातळ आणि मऊ असतं. त्यावर एकदम स्वच्छ ऊन पडलं की ते करपणारच.

दुसरं कारण सूर्याच्या वाटेत आहे. दक्षिणेची खिडकी सगळ्यात उजेडाची, असं जिथे-तिथे वाचायला मिळतं. ते थंड, उत्तरेकडच्या देशांसाठी बारा महिने खरं आहे. सांगली १७ अंश अक्षांशाच्या किंचित खाली, सातारा किंचित वर. मेच्या पहिल्या पंधरवड्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन शिरत नाही, उलट उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. ऑगस्टनंतर तो दक्षिणेला सरकतो, पण ढगांमुळे ते आपल्या ध्यानात येत नाही. आभाळ मोकळं होतं तेव्हा तो बराच खाली उतरलेला असतो. दोन फुटी छज्जा धरला, तर ऑक्टोबरच्या मध्याला भरदुपारी त्याची सावली दक्षिणेच्या भिंतीवर चार फूट खाली येते. डिसेंबरच्या शेवटी जेमतेम सव्वादोन फूट. त्याखाली जे काही असेल त्यावर थेट ऊन. जूनमध्ये सावलीत असलेली कुंडी जागची न हलता उन्हात येते ती अशी.

म्हणून आत्ता कुंडी दक्षिण आणि पश्चिमेच्या खिडकीपासून तीन-चार फूट आत घ्या, किंवा मध्ये जुनी सुती साडी पडद्यासारखी लावा. पूर्वेचं कोवळं ऊन चालतं, पण तेही पहिल्या आठवड्यात अर्धा-पाऊण तास, मग हळूहळू वाढवत. उजेड जोखायला यंत्र लागत नाही. पानाच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरा. सावलीच्या कडा ठसठशीत असतील तर ऊन जास्त आहे, पुसट सावली पडली तर जागा बरोबर, सावलीच दिसली नाही तर अंधार. भाजलेलं पान अर्ध्याहून जास्त हिरवं असेल तर कापू नका, ते अजून झाडाला पोसतं. कापलंच तर गव्हाणीत टाकू नका; या पानांनी गुरांचं, शेळ्यांचं तोंड सुजतं. लहान मुलांपासूनही लांब ठेवा.

सगळ्या तालुक्यांना एकच वेळापत्रक लागू पडत नाही. महाबळेश्वर, पाटण, जावळी, शिराळा इथे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही, तिथलं पान सगळ्यात कोवळं असतं. त्याला सवय लावायला तीन आठवडे धरा. माण, खटाव, आटपाडी, जतला जुलैतही ऊन पडतं. तिथे पान आधीच राकट असतं, आठवडाभर पुरतो.

दिवाळीनंतर प्रश्न उलटा होतो. दिवस ११ तासांवर येतो, उजेड कमी पडू लागतो. आता सवय झालेली कुंडी खिडकीशी सरकवा, रात्री मात्र थंड काचेला पान टेकू देऊ नका. याच सुमारास गळीत हंगाम सुरू होतो. कारखान्याच्या किंवा गुऱ्हाळाच्या आसपास राहणाऱ्यांना पानांवरची काजळी नवी नाही. तिच्या थराखाली पानाला उजेडच मिळत नाही. आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने, खालून हाताचा आधार देऊन पान पुसा. चकाकी यावी म्हणून तेल किंवा दूध लावू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते.

झाड सारखं फिरवत राहा, हा सल्ला रबर प्लांटला, पीस लिलीला ठीक आहे. काठीला बांधलेला मॉन्स्टेरा फिरवू नये असं माझं मत आहे. काठी आतल्या बाजूला, पानं उजेडाकडे अशी एकदा मांडणी करून द्या. फिरवलं की प्रत्येक पान देठ वळवत बसतं.

मार्च ते मे पश्चिमेची खिडकी वर्ज्य. नर्सरीवाल्यांनी एप्रिलात ५० टक्क्यांच्या, म्हणजे निम्मं ऊन अडवणाऱ्या शेडनेटवर दुसरा पडदा ओढावा आणि मृगाचा पाऊस स्थिरावला की लगेच गुंडाळावा. तो पावसाळाभर तसाच राहिला तर रोपांची पेरं लांबतात, पानं लहान येतात, त्यांना चिरा पडत नाहीत, आणि अशी रोपं गिऱ्हाइकाच्या घरी ऑक्टोबरात हमखास जळतात.

जूनमध्ये उजेड उतरला की पाणीही उतरवा. ढगाळ दिवसांत झाड पाणी कमी ओढतं, आणि मेच्या सवयीने रोज पाणी घातलं की मुळं कुजतात. बोट दोन पेरं मातीत घालून पाहा, कोरडं लागलं तरच पाणी. खोली फारच अंधारी असेल तर २० वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब पानांपासून फूट-दीड फुटावर रोज १२ तास लावा. महिन्याला सात-सव्वासात युनिट वीज लागते.