शाळेचं पहिलंच संगीत नाटक बसवताय? आधी पेटीवाल्याला पकडा

हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "यंदा गॅदरिंगला संगीत नाटक करूया ना, मॅडम?" आणि तुम्ही हो म्हणून बसलात, तर हे वाचा. मी पण अशीच अडकले होते. विषय माझा मराठी आणि गाणं येतं ते आरतीपुरतं.

आपल्याकडे गोव्यात प्रेक्षक कच्चे नसतात हे डोक्यात ठेवा. पहिल्या रांगेत बसलेल्या आजोबांनी जत्रांतून, काल्याच्या उत्सवांतून रात्र रात्र जागून नाटकं बघितलेली असतात. गायक-नट मास्टर दीनानाथ आणि गायक-संगीतकार अभिषेकीबुवा दोघंही फोंड्याजवळच्या मंगेशीचे, तेव्हा सूर गेला की फोंड्यातल्या आजीला पण कळतं. पण घाबरू नका, मुलांचं बेसूर लोक माफ करतात. नाटक रेंगाळलं की मात्र उठून भजी खायला जातात.

संहिता ४० मिनिटांची घ्या, गाणी जास्तीत जास्त ६, त्यातली ४ कोरसची. सोलो दोनच मुलांना द्या, पालक कितीही मागे लागले तरी. संहिता दुसऱ्याची असेल तर कॉपीराइटचं बघा, लेखक जाऊन ६० वर्षं झाली नसतील तर हक्क सहसा कुणाकडे तरी असतातच. कायद्यात शाळांना सूट आहे, शाळेच्याच कार्यक्रमात मुलं आणि शिक्षकच काम करत असतील आणि बघायला शाळेचेच लोक आणि पालक असतील तर चालतं, पण गावाला तिकीट लावून बोलवायचं असेल तर लेखी परवानगी घ्या.

आता पेटीवाला. तालमीचं वेळापत्रक लावायच्या आधी त्याला आणि तबलजीला फोन करा, नंतर नाही. मी सोमवार-गुरुवार ठरवून मोकळी झाले आणि आमचे तबलजी दर सोमवारी पालखीला, म्हणजे महिनाभर निम्म्या तालमी टेबल बडवून! तयार ट्रॅक पेनड्राइव्हवर आणून काम भागवायचा मोह होतो पण माझं ऐका, नको. मूल अर्धी ओळ विसरलं की ट्रॅक थांबत नाही, पेटीवाला थांबतो, परत मुखडा धरतो आणि कुणाला कळत पण नाही.

पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वराला सा धरून गायचं ते, आधी ठरवा. पेटीवाला सवयीने काळी १ (पेटीची पहिली काळी पट्टी) धरतो, ती लहान मुलांना खाली खोल पडते नाहीतर वर चढी. काळी ४ किंवा काळी ५ ने सुरू करा आणि मुलांचे चेहरे बघा, मान वर ताणायला लागली की पट्टी उतरवा. आठवी-नववीच्या मुलाला सोलो देताना तर दहा वेळा विचार करा. आमच्या नाटकातला राजा ऑगस्टमध्ये सुरेख गायचा, नोव्हेंबरात आवाज फुटला, एका तालमीत तान घेताना असा काही चिरकला की सगळा वर्ग हसला आणि तो दोन दिवस आलाच नाही. मग गाणं कोरसला दिलं आणि त्याने मधल्या ओळी नुसत्या बोलल्या, ठेक्यावर. खरं तर तेच जास्त चांगलं झालं.

सगळ्यात जास्त वेळ कशाला द्यायचा तर सांध्यांना. म्हणजे गाण्याच्या आधीची दोन वाक्यं आणि नंतरची दोन. आम्ही संवाद वेगळे बसवले, गाणी संगीताच्या खोलीत वेगळी बसवली आणि रंगीत तालमीला एकत्र केलं, तर काय? मुलगी वाक्य संपवते, पेटीवाल्याकडे बघते, पेटीवाला चष्मा लावून कागद शोधतोय, तबलजी हातोडीने तबला ठोकतोय आणि स्टेजवर बारा मुलं पुतळ्यासारखी उभी. उपाय सोपा आहे, शेवटचं वाक्य चालू असतानाच पेटीवर सूर हळू धरायचा, म्हणजे मुलीला सा कानात मिळतो आणि ती बोलता बोलता गाण्यात शिरते. पेटीवाल्याच्या वहीत गाण्याचा मुखडा नको, गाण्याआधीचं वाक्य लाल पेनाने लिहून द्या. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या तर पुढचं वाक्य कुणी आणि किती थांबून बोलायचं, ते पण ठरवा. फक्त सांध्यांच्या अशा तीन तालमी घ्या, मधलं सगळं गाळून.

गर्दीच्या प्रसंगाला घुमट घ्या, म्हणजे आपलं मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं वाद्य. गणेश चवथीच्या आरत्यांमुळे निम्म्या मुलांच्या हातात ताल आधीच असतो, वेगळं शिकवावं लागत नाही. २०१९ पासून ते राज्याचं वारसा वाद्य आहे. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, आता त्यावर बंदी आहे, बकऱ्याचं असलेलंच आणा. दमट हवेत कातडं सैल पडतं म्हणून दुपारी जरा उन्हात ठेवा.

भाषेचं एक. घरी कोंकणी बोलणारी मुलगी 'मी आले' म्हणता म्हणता 'हांव आयलें' म्हणून जाते. दर वेळी थांबवून तिचा धीर घालवू नका, विनोदी पात्रांना तर सरळ कोंकणीतच बोलू द्या, हशा हमखास.

साऊंडवाल्याला रंगीत तालमीलाच बोलवा, वेगळे पैसे मागितले तर द्या. कॉर्डलेस माईक हातोहात फिरवला की अभिनय संपला, त्यापेक्षा पुढे दोन उभे माईक आणि सोलोवाल्यांना कॉलर माईक. कार्यक्रम पटांगणात असेल तर रात्री १० ला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, त्यामुळे बक्षीस समारंभ आधी की नाटक आधी हे भांडण आठवडाभर आधीच करून घ्या. आणि त्या दिवशी तुम्ही प्रेक्षकांत बसू नका, पेटीवाल्याच्या बाजूच्या विंगेत संहिता आणि टॉर्च घेऊन उभ्या राहा, कारण तो चष्मा विसरणार आहेच.