अँड्रॉइडचं मोठं अपडेट घेताना काय करावं, काय टाळावं

‘सॉफ्टवेअर अपडेट उपलब्ध आहे’ ही सूचना आली की काहीजण न वाचता बटण दाबतात, तर काहीजण सहा-सहा महिने ‘नंतर’वर ढकलत राहतात. माझ्या मते दोघांचंही चुकतं. सूचना एकसारखीच दिसली तरी तिच्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि दोन्हींना एकच नियम लावून चालत नाही.

आधी आलंय काय ते बघा

सेटिंग्जमध्ये ‘सॉफ्टवेअर अपडेट’ उघडा. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत ‘अपडेट’ टाइप करा. शाओमीच्या फोनमध्ये ते ‘अबाउट फोन’च्या पोटात असतं. तिथे आकार आणि खालचा मजकूर वाचा. काहीशे एमबीचं आणि ‘सुरक्षा पॅच’ म्हणणारं असेल, तर दोन-चार दिवसांत घेऊन टाका. गूगल दर महिन्याला अँड्रॉइडमधल्या त्रुटींची यादी काढतं आणि त्यातल्या काहींचा गैरवापर आधीच सुरू झालेला असतो. इथे ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणण्यात काही शहाणपण नाही.

पण अपडेट काही जीबीचं असेल आणि अँड्रॉइडचा आकडाच बदलणार असेल, म्हणजे १५ वरून १६ वगैरे, तर आठ-पंधरा दिवस थांबायला हरकत नाही. अशा वेळी वन यूआय, हायपरओएस, ऑक्सिजनओएस असा कंपनीचा स्वतःचा थरही बदलतो आणि गडबड बहुतेकदा तिथेच होते. सॅमसंगने वन यूआय ७ चं वाटप ७ एप्रिल २०२५ ला सुरू केलं आणि आठवडाभरातच ते थांबवावं लागलं. काही दिवसांनी पुन्हा सुरू झालं. अॅपललाही हे चुकलेलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये आयपॅडओएस १८ बसवल्यावर एम४ चिपचे काही आयपॅड प्रो बंद पडले, तेव्हा त्या मॉडेलसाठीचं अपडेट मागे घेतलं गेलं. थोडं थांबलेल्यांना हा ताप झाला नाही.

एक तिसरं अपडेटही असतं, ज्याकडे कुणी फिरकत नाही: ‘गूगल प्ले सिस्टिम अपडेट’. अँड्रॉइड १० पासून सिस्टिमचे काही भाग गूगल फोन बनवणाऱ्या कंपनीला वळसा घालून थेट पाठवतं. ‘सुरक्षा आणि गोपनीयता’मध्ये ते सापडेल. महिन्यातून एकदा दाबून बघा, लहानसंच असतं.

आदल्या रात्री बॅकअप

अपडेटने सहसा डेटा जात नाही, हे बरोबर आहे. पण ज्याचा जातो त्याचा सगळाच जातो, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

सर्वात जास्त घोळ व्हॉट्सअॅपचा. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप असं जा आणि शेवटच्या बॅकअपची तारीख बघा. कित्येकांच्या फोनवर ती चार-सहा महिन्यांपूर्वीची निघते. कारण साधं आहे: अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचा बॅकअप आता गूगल खात्याच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबीतच मोजला जातो. फोटो आणि ईमेलने ती जागा भरली की बॅकअप गुपचूप थांबतो. व्हिडिओ वगळून बॅकअप घेतला तर पुष्कळदा काम भागतं. एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड, म्हणजे तुमच्या पासवर्डने कुलूपबंद केलेला बॅकअप चालू असेल तर पासवर्ड आठवतोय ना, हे आत्ताच तपासा. तो विसरलात तर व्हॉट्सअॅपलाही काही करता येत नाही.

फोटोंसाठी गूगल फोटोज उघडून बॅकअप पूर्ण झाल्याचं डोळ्यांनी बघा, नाहीतर केबल लावून लॅपटॉपवर उतरवून घ्या. फोन नंबर ‘फोन’मध्ये सेव्ह आहेत की गूगल खात्यात, तेही बघा, घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये ते हमखास फोनमध्येच असतात. लॉगिनसाठी कोड देणारं ऑथेंटिकेटर अॅप वापरत असाल तर त्यातले कोड खात्याशी जोडलेले हवेत.

यूपीआयची काळजी नको, साध्या अपडेटनंतर ते आहे तसं चालतं. मात्र फोन रीसेट करायची वेळ आलीच, तर बँकेशी जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं आणि त्यावरून एसएमएस जायला हवा.

जागा, वाय-फाय, वेळ

दहा-पंधरा जीबी मोकळे ठेवा. जागा नसेल तर व्हॉट्सअॅपमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’, मग ‘स्टोरेज व्यवस्थापित करा’ उघडा. पाच एमबीपेक्षा मोठ्या आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल तिथे वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. फुलांच्या शुभ सकाळी आणि सुविचारांचे व्हिडिओ उडवले तरी बरीच जागा निघते.

दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर हे अपडेट उतरणार नाही, मध्येच लटकेल. वाय-फाय हवंच. बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या आणि कव्हर काढून ठेवा, फोन तापतो. परीक्षेच्या, मुलाखतीच्या किंवा पहाटेच्या गाडीच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नका.

बसवताना

अँड्रॉइड ७ पासून बऱ्याच फोनमध्ये सिस्टिमसाठी दोन जागा असतात. तुम्ही एका खोलीत राहत असताना शेजारच्या खोलीला रंग लावावा, तसं नवं व्हर्जन मागे दुसऱ्या जागेत बसत राहतं आणि रीस्टार्ट केलं की फोन तिकडे राहायला जातो. नवीन जागा उघडलीच नाही तर तो जुन्या जागी परततो. सॅमसंगने ही सोय बरीच उशिरा दिली: २०२४ मध्ये ए५५ मध्ये, मग एस२५ मालिकेत. त्याआधीच्या गॅलॅक्सी फोनमध्ये काळ्या पडद्यावर टक्केवारी सरकत राहते आणि तेवढा वेळ फोन वापरता येत नाही. आकडा अडकल्यासारखा वाटला तरी पॉवरच्या बटणाला हात लावू नका.

नवीन व्हर्जन आवडलं नाही म्हणून मागे जाता येईल, या भरवशावर राहू नका. गूगलच्या पिक्सेल ६ मालिकेवर ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ आलं, तेव्हा त्यासोबत बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्रामही असा बदलला की १२ वर परतायचा रस्ताच बंद झाला. बीटाचं, म्हणजे चाचणीसाठी आधी दिलेल्या व्हर्जनचं तर विचारूच नका. स्थिर व्हर्जन येण्याआधी त्यातून बाहेर पडायचं म्हणजे फोन पुसला जाणार. शिवाय बँकेची काही अॅप बीटावर रुसून बसतात. हौस असेल तर जुन्या, पडून असलेल्या फोनवर भागवा.

दुसऱ्या दिवशी

फोन गरम होईल, बॅटरी भराभर उतरेल. आतमध्ये अॅप नव्याने जुळवली जात असतात, फोटोंची यादी पुन्हा बनत असते. दोन-तीन दिवस फोनला शिव्या घालू नका. तेवढ्यात प्ले स्टोअरमधून सगळी अॅप अपडेट करून घ्या, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आठवडा झाला तरी सुधारणा नसेल आणि फोन सॅमसंगचा असेल, तर बऱ्याच मॉडेलवर कॅशे पार्टिशन, म्हणजे सिस्टिमच्या तात्पुरत्या फाइलींची जागा, पुसता येतं. फोन बंद करा, केबलने कॉम्प्युटरला जोडा, व्हॉल्यूम वाढवायचं आणि पॉवरचं बटण एकत्र दाबून धरा. काळ्या पडद्यावर इंग्रजी यादी येईल. त्यात ‘वाइप कॅशे पार्टिशन’ निवडायचं आहे. त्याच्या बरोबर वर ‘वाइप डेटा, फॅक्टरी रीसेट’ बसलेलं असतं. तिथे बोट घसरलं तर फोन कोरा, म्हणून प्रत्येक वेळी ओळ वाचूनच पॉवर दाबा.

अपडेटनंतर स्क्रीनवर उभी हिरवी रेघ उमटली तर दुकानदाराकडे पैसे मोजण्याआधी अधिकृत सेवा केंद्रात जा. भारतात या तक्रारीसाठी काही कंपन्यांनी ठराविक मॉडेलची स्क्रीन फुकट बदलून दिली आहे.

नवा फोन घेणार असाल तर

‘सात वर्षं अपडेट’ ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही पेटी उघडल्यापासून नाही. पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, सात वर्षांचं वचन ऑक्टोबर २०३० ला संपतं. तो आज सेलमध्ये स्वस्त दिसला तर उरलेली वर्षं मोजून मगच किंमत ठरवा. आणि वचनात नेमकं काय आहे तेही बघा. गॅलॅक्सी एस२१ जानेवारी २०२१ मध्ये अँड्रॉइड ११ घेऊन आला, चार मोठी व्हर्जन मिळाली आणि १५ वर त्याचा प्रवास थांबला. मोठी व्हर्जन किती आणि सुरक्षा पॅच किती वर्षं, हे दोन आकडे वेगळे असू शकतात. सेलच्या पानावर रॅम आणि कॅमेऱ्याची अक्षरं मोठी असतात, हे आकडे बहुतेकदा नसतातच. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर, त्या मॉडेलच्या सपोर्टच्या पानात शोधा.