डग्ग्याचा घिस्सा आणि सबवूफरची जागा

मी गोव्यात म्हार्दोळला तबला शिकवते. कुणाच्या घरी स्पीकरवर मैफल लागली की माझा कान आधी डाव्या हाताकडे जातो. उजव्याची चाट (कडेवरचा टणक आवाज) मोबाइलवरही कळते, डग्ग्याचा घुमारा मात्र सिस्टीम नीट लावलेली असेल तरच कळतो. त्यामुळे बेस चांगला की वाईट हे मी डग्ग्यावरूनच ठरवते, आणि ही रीत मला अजून तरी फसवी निघालेली नाही.

माझ्या भावाने पर्वरीच्या फ्लॅटमध्ये ५.१ची सिस्टीम घेतली, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी वेगळा मोठा स्पीकर, सबवूफर. दुकानातून आलेल्या मुलाने ती तासाभरात जोडून दिली. पहिल्याच रविवारी भाचा म्हणाला, "आत्या, सिनेमा लावला की खिडक्या हलतात, पण तुझा तबला लावला की नुसतं टिकटिक वाजतं." त्याचं खरं होतं. पुढचे दोन रविवार मी तिथेच काढले. तेव्हा जे केलं ते क्रमाने सांगते.

सिनेमात बेस आणि गाण्यात नाही, असं झालं तर सबवूफरवर शंका घेऊ नका. ५.१मधला तो '.१' म्हणजे फक्त खालच्या आवाजासाठी ठेवलेला वेगळा चॅनल. स्फोट, गडगडाट त्यात भरलेले असतात आणि ते थेट सबवूफरला जातात. आपली गाणी मात्र बहुतेक साध्या स्टिरिओत असतात, दोनच चॅनल. त्यांतला खर्ज सबवूफरकडे वळवायचं काम रिसीव्हरचं, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडलेले असतात त्या डब्याचं, आणि ते त्याला सांगावं लागतं. भावाकडे पुढच्या दोन्ही स्पीकरांची साइझ 'लार्ज' ठेवलेली होती. म्हणजे रिसीव्हरची समजूत अशी, की हे स्पीकर सगळा खर्ज स्वतःच पेलतात. त्या चार इंची स्पीकरांना ते जमणार कसं?

मेनूत स्पीकर सेटअपमध्ये जाऊन सगळे स्पीकर 'स्मॉल' करा. महागडे उभे स्पीकर असतील तरीही करा, त्यात त्यांचा कमीपणा नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. स्पीकर अगदी तळहाताएवढे असतील तर १२० किंवा १५०वर न्यावा लागेल. पण १००च्या वर गेलं की आवाज कुठून येतोय हे कानाला कळू लागतं, म्हणून अशा वेळी सबवूफर पुढच्या स्पीकरांच्या जवळच हवा. सबवूफरच्या पाठीवरही क्रॉसओव्हरचं एक बटण असतं. ते पूर्ण शेवटपर्यंत फिरवा, किंवा 'एलएफई' (त्या '.१' चॅनलचं नाव) लिहिलेली जागा असेल तर तिथे ठेवा. नाहीतर एकदा रिसीव्हर कापतो, एकदा सबवूफर कापतो आणि मधला भाग हरवतो. आणखी एक: 'डायरेक्ट' किंवा 'प्युअर डायरेक्ट' मोडमध्ये बऱ्याच रिसीव्हरांत हे वळवणं बंद पडतं. गाणी ऐकताना 'स्टिरिओ' मोड लावा.

एवढ्यानेच फरक पडला. आता डग्गा वाजत होता, पण कसा? एक 'घे' घुमायचा, पुढचा गायब व्हायचा, तिसरा एवढा फुगायचा की वहिनी स्वयंपाकघरातून बघायला यायच्या. इथून पुढचं काम खोलीचं, आणि खरा वेळ याच कामाला द्या.

८० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे १४ फूट, ४० हर्ट्झची २८ फूट. एवढ्या लांब लाटा आपल्या हॉलमध्ये मावत नाहीत. भिंतीवर आपटून परत येतात, स्वतःवरच चढतात, आणि काही ठिकाणी आवाज दुप्पट तर काही ठिकाणी शून्याच्या जवळ जातो. कोणते स्वर फुगणार याचा अंदाज सोप्या भागाकाराने काढता येतो. ५६५ला खोलीच्या फुटांनी भागा. भावाचा हॉल १४ बाय ११, उंची साडेनऊ. लांबीवरून ४० हर्ट्झ आले, रुंदीवरून ५१ आणि उंचीवरून ५९. त्यांची दुप्पट-तिप्पटही त्रास देते, म्हणजे ८० आणि १०३. माझा डग्गा नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. काळी १मध्ये गाणाऱ्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते, आणि बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१च्या. त्या हॉलमध्ये गिटारची ती एक तार इतरांपेक्षा मोठी का वाजते, हे भागाकार केल्यावर भाच्यालाही पटलं.

हे कानाने तपासायला मशीन लागत नाही, घिस्सा लागतो. डग्ग्यावर 'घे' वाजवून मनगट शाईच्या दिशेने दाबत सरकवलं की स्वर न तुटता वर चढतो. चांगला घिस्सा म्हणजे खालून वरपर्यंत ओढलेली एक अखंड रेघ. एकल तबलावादनाचं स्वच्छ ध्वनिमुद्रण घ्या, शक्यतो पेशकाराचा (वादनाच्या सुरुवातीच्या विस्ताराचा) संथ भाग, आणि फक्त त्या रेघेकडे लक्ष द्या. रेघ मध्येच जाड होते का, मध्येच पुसली जाते का? मी माझा डग्गा पर्वरीला घेऊन गेले होते. आधी तो सोफ्याजवळ बसून वाजवायचा, मग स्पीकरवरचा ऐकायचा. खरा आवाज कानात ताजा असला की खोटा लगेच उघडा पडतो.

पहिला बदल सोफ्याचा. आपल्याकडे सोफा मागच्या भिंतीला टेकवायचा हा जणू नियमच. पण भिंतीजवळ सगळे खालचे स्वर फुगतात. खोलीच्या बरोबर मध्ये बसलात तर उलटं होतं, लांबीवरून आलेला पहिला स्वर तिथे जवळजवळ नाहीसा होतो. मागच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर कान आले तर उत्तम. १४ फुटांच्या हॉलमध्ये एवढा सोफा पुढे ओढायला वहिनी तयार होणार नव्हत्या, आणि त्यांचं बरोबर होतं, तिथून येण्या-जाण्याची वाट आहे. आम्ही दोन फूट ओढला. दोन फुटांनीही ऐकू येण्यासारखा फरक पडला.

मग सबवूफरची जागा. दुकानवाले कोपऱ्यात ठेवतात, कारण कोपऱ्यात तो सर्वांत मोठा वाजतो. मोठा वाजतो, पण खोलीचा प्रत्येक दोष तिथूनच पूर्ण जोराने जागा होतो. जागा शोधायची पद्धत उलटी आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवा, जिथे तुमचं डोकं येतं तिथेच. तेच ध्वनिमुद्रण लावा आणि तुम्ही भिंतींच्या कडेकडेने गुडघ्यांवर फिरा, कान सबवूफर जमिनीवर जिथे असेल तेवढ्या उंचीवर ठेवून. जिथे घिस्सा सर्वांत सलग ऐकू येईल ती सबवूफरची जागा. ध्वनीचा प्रवास दोन्ही दिशांनी सारखाच असतो, म्हणून हे जमतं. घाई करू नका. पाऊलभर सरकून पुन्हा ऐका. भावाकडे जागा मिळाली टीव्हीच्या डाव्या हाताला, कोपऱ्यापासून सव्वातीन फुटांवर. तिथे रोपाची कुंडी होती, ती बाल्कनीत गेली.

सबवूफरच्या खोक्याला भोक असतं, त्याला पोर्ट म्हणतात. ते काय करतं हे गोव्यातल्या माणसाला घुमटावरून चटकन समजेल. घुमटाचं मोठं तोंड कातड्याने मढवलेलं, लहान तोंड उघडं. चवथीच्या आरतीला वाजवणारा डाव्या तळव्याने ते लहान तोंड झाकतो-उघडतो आणि आवाज बदलत जातो. मडक्यातली हवा त्या तोंडातून आत-बाहेर झुलते आणि एका ठरावीक स्वराला बळ देते. पोर्टही तसाच. तो ज्या स्वराला लावलेला असतो तिथे जोर देतो, आणि त्याच्या खाली आवाज फार भराभर उतरतो. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला, त्याचा मला फार आनंद झाला होता. या मडक्यात केवढं विज्ञान आहे हे मुलांना दाखवायला मी आजही तेच हातात घेते. तर, खोली लहान असेल आणि बेस फुगत असेल तर पोर्टमध्ये स्पंजचा सैल बोळा घालून बघा. काही कंपन्या तो सोबत देतात. पण बोळा घातल्यावर आवाज फार वाढवू नका, आणि पोर्ट मागच्या बाजूला असेल तर भिंतीपासून वीतभर तरी अंतर ठेवा.

जागा ठरली की फेज, म्हणजे सबवूफरचा आणि स्पीकरांचा पडदा एकाच वेळी पुढे-मागे होतो का ते. सबवूफरमागे ० आणि १८० असा खटका असतो. सोफ्यावर बसून दुसऱ्याला तो बदलायला सांगा, आणि ज्या बाजूला डग्गा भरीव लागेल ती ठेवा. दोन्हीकडे पोकळच वाटलं तर स्पीकरांच्या वायरी तपासा. एखाद्या स्पीकरला लाल-काळी उलट लागली असेल तर एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो, आणि खर्ज आपसात खाल्ला जातो. भावाकडे उजव्या स्पीकरची वायर उलटी निघाली. शंभर चूका शोधण्याआधी ही एक बघावी.

रिसीव्हरसोबत येणारा माइक वापरायचा असेल तर तो हे सगळं झाल्यावर वापरा. त्या वेळी पंखा, एसी, फ्रिज बंद हवा, आणि माइक कानाच्या उंचीवर. तो अंतरं आणि पातळ्या छान मोजतो, पण वाईट जागेला चांगली करू शकत नाही. बुडालेला स्वर वर काढायला तो ताकद ओततो, आणि ती ताकद खोलीच खाते. मोजणी झाली की मेनूत परत जाऊन बघा, बऱ्याचदा त्याने स्पीकर पुन्हा 'लार्ज' केलेले असतात.

सबवूफर किती मोठा ठेवायचा? सबवूफर वाजतोय हे वेगळं जाणवता कामा नये. तो बंद केला की गाण्याखालची जमीन गेल्यासारखं वाटलं पाहिजे. नवीन सिस्टीम घेतलेला प्रत्येक जण पहिला महिना तो जास्त ठेवतो. भाच्याने ठेवला. मी त्याला आठवडाभर रोज थोडा कमी करायला सांगितलं, आणि शेवटी तो ज्या आकड्यावर थांबला तोच माझाही होता. रात्री हळू आवाजात ऐकताना मात्र दोन-तीन डेसिबल वाढवायला हरकत नाही. आवाज लहान झाला की माणसाच्या कानाला खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच मांडलंय. तरी फ्लॅटमध्ये खालच्या मजल्याचा विचार आधी करा. स्लॅबमधून चाट जात नाही, पण डग्गा जातो.

आमचं म्हार्दोळचं घर चिऱ्याचं आणि कौलारू, वर छत नाही. तिथे गोष्ट वेगळी. भिंती जाड, पण खर्ज कौलांतून आणि उघड्या खिडक्यांतून बाहेर निसटतो. त्यामुळे तो फुगत नाही, आणि भरतही नाही. अशा घरात कोपरा वाईट नाही, मी स्वतः सबवूफर कोपऱ्याजवळच ठेवलाय. शक्य असेल तर एका मोठ्यापेक्षा दोन लहान सबवूफर समोरासमोरच्या भिंतींना ठेवा, कौलारू घर असो की फ्लॅट. एकाच सोफ्यावर नव्हे, सगळ्या खुर्च्यांवर बेस सारखा होतो.

कौलारू घरात कुरकुर फार. देवघरातल्या समईचे भाग सैल असले की खणखणतात, काचेचं कपाट थरथरतं, दाराची कडी वाजते. बेस घाणेरडा वाटतो तो कित्येकदा या आवाजांमुळे. एकाला खोलीत हिंडवून प्रत्येक वस्तूवर हात ठेवायला लावा. हात ठेवताच आवाज थांबला की चोर सापडला. कपाटाच्या काचेखाली रबराची पट्टी पुरते.

पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंती ओल धरतात. सबवूफर भिंतीपासून आणि जमिनीपासून थोडा वर, लाकडी पाटावर ठेवा, नाहीतर खोक्याचं एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) खालून फुगतं. पडद्याच्या कडेला स्पंजची गोल पट्टी असेल तर ती आपल्या हवेत काही वर्षांत भुसभुशीत होते. दर गणपतीआधी बोटाने हलकेच दाबून बघा. घेतानाच रबराची कड असलेला घेतलात तर ही काळजी बरीच कमी होते. वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करू नका. पिन काढा आणि केबल टीव्हीची वायरही रिसीव्हरपासून सोडवा.