धरण-बंधाऱ्याचे शब्द इंग्रजीतून जर्मनमध्ये नेताना

भाषांतराला बसताना शब्दकोश नंतर, आधी कागद घ्या. धरणाचा उभा छेद काढा, पाणी कोणत्या बाजूला ते दाखवा आणि बांधकाम मातीचं की दगड-काँक्रीटचं ते वर लिहा. यातलं काहीच न सांगता इंग्रजीत 'डॅम' म्हणून भागतं. जर्मनमध्ये भागत नाही.

आपलं नाशिकजवळचं गंगापूर धरण मातीचं, म्हणून ते 'श्टाउडाम'. दगडी किंवा काँक्रीटचं असतं तर 'श्टाउमाउअर'. भिंत, सांडवा, जलाशय सगळं मिळून सांगायचं तर 'टालश्पेरे'. नुसतं 'डाम' लिहू नका. तो रेल्वेचा भरावही असू शकतो. नांदूर मधमेश्वरचा बंधारा म्हणजे 'वेर', पण नपुंसकलिंगी: 'दास वेर'. 'डी वेर' केलंत की अर्थ संरक्षण होतो. अग्निशमन दलाला म्हणतात त्या 'फॉयरवेर'मधला शब्द हाच.

सगळ्यात जास्त घोळ बाजूंचा. भिंतीची 'अपस्ट्रीम' बाजू 'वासरझाइटे', पाण्याची. 'डाउनस्ट्रीम' बाजू 'लुफ्टझाइटे', म्हणजे चक्क हवेची. पण तेच इंग्रजी शब्द पाण्याबद्दल असतील तर 'ओबरवासर' आणि 'उंटरवासर'. म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारा: वाक्य भिंतीबद्दल आहे की पाण्याबद्दल?

'स्पिलवे'ला 'उइबरफाल' लिहिणं अपुरं. पाणी ज्यावरून सांडतं तेवढाच भाग उइबरफाल; अख्खा सांडवा 'होखवासरएंटलास्टुंग'. त्याच्या पायथ्याशी पाण्याचा जोर जिरवणारा हौद 'टोसबेकन'. तळातला विमोचक, म्हणजे पाणी सोडायची वाट, 'ग्रुंटआबलास'.

आपल्याकडचा खास सापळा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात आहे. त्याच्या बर्ग्यांना, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्यांना, इथल्या इंग्रजी कागदांत 'नीडल्स' म्हणतात. ते सरळ 'नाडेल' केलं की जर्मन अभियंत्याला 'नाडेलवेर' दिसतं, आणि त्यात दांडके उभे असतात. आपले बर्गे खांबांच्या खाचांत आडवे, एकावर एक बसतात. त्यांना 'डामबाल्केन'च म्हणावं.

शंका आली तर डीआयएन (जर्मन मानक) ४०४८चा पहिला भाग पाहा, व्याख्या तिथे आहेत. धरणांचे नियम डीआयएन १९७००च्या अकराव्या भागात, बंधाऱ्यांचे तेराव्यात. निवडलेला शब्द छेदावरच लिहून ठेवा, म्हणजे चाळिसाव्या पानावर तो बदलणार नाही.

आकडे शेवटी, वेगळ्या फेरीत तपासा. जर्मनमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब: '१.२५०' म्हणजे बाराशे पन्नास. एककंही बदला. गंगापूरचा साठा ५६३० दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे १५९,४ दशलक्ष घनमीटर (जर्मन कागदावर असाच स्वल्पविराम हवा). 'घनफूट'च्या जागी फक्त 'घनमीटर' लिहिलं तर धरण ३५ पट फुगतं. विसर्गाचंही तसंच: १०,००० क्युसेक (घनफूट प्रति सेकंद) म्हणजे सेकंदाला साधारण २८३ घनमीटर.