लिनक्सवर ऑप्टिकल ड्राइव्हची मांडणी आणि व्हिडिओ डिस्क चालवणे

लिनक्स असलेल्या संगणकात डीव्हीडी घातली आणि चित्रपट सुरू झाला नाही, की बहुतेक जण एकामागून एक निरनिराळे प्लेअर बसवून पाहू लागतात. हा उपाय क्वचितच लागू पडतो. डिस्कवरील चित्र पडद्यावर उमटण्याआधी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ड्राइव्ह दिसावा लागतो, ड्राइव्हला डिस्क वाचता यावी लागते, डिस्कवर कुलूप असल्यास ते उघडावे लागते, आणि हे सगळे झाल्यावर प्लेअरचे काम सुरू होते. म्हणून तपासणी नेहमी खालून वर करत जावी. तसे केले तर दोष कोठे आहे हे थोड्याच वेळात कळते आणि अनावश्यक पॅकेजेस बसवण्याचा खटाटोप वाचतो.

पुढील मजकुरात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत आणि, वेगळे सांगितले नसेल तर, लहान अक्षरांत टाइप कराव्यात.

ड्राइव्ह ओळखला गेला आहे का

सर्वप्रथम ‘एलएसबीएलके’ ही कमांड चालवावी. हार्ड डिस्क आणि तिच्या विभाजनांच्या खाली ‘एसआर०’ नावाची ओळ दिसली आणि तिच्या प्रकाराच्या रकान्यात ‘रॉम’ असे लिहिलेले असले, तर कर्नलने ड्राइव्ह ओळखला आहे. ड्राइव्ह रिकामा असताना या ओळीत बहुधा १०२४ एम असा आकार दिसतो. तो कोणत्याही डिस्कचा आकार नसून कर्नलने गृहीत धरलेला आकडा असतो, त्यामुळे तो पाहून डिस्क वाचली जात आहे असा समज करून घेऊ नये. डिस्क खरोखर वाचली गेली आहे का, हे ‘सुडो बीएलकेआयडी /डेव्ह/एसआर०’ या कमांडने कळते (‘सुडो’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने). डेटा किंवा व्हिडिओ डिस्क असेल तर तिचे नाव आणि फाइल प्रणाली येथे छापली जाते.

जुन्या मार्गदर्शिकांमध्ये ड्राइव्हचे नाव ‘/डेव्ह/एचडीसी’ किंवा ‘/डेव्ह/एससीडी०’ असे आढळते. ही नावे आता कालबाह्य झाली आहेत. ‘/डेव्ह/सीडीरॉम’ आणि ‘/डेव्ह/डीव्हीडी’ ही नावे मात्र बऱ्याच वितरणांत (डेबियन, फेडोरा अशा लिनक्सच्या तयार संचांत) अजून चालतात, कारण उपकरणांना नावे देणारा यूडेव्ह त्यांना ‘एसआर०’कडे निर्देश करणारे दुवे म्हणून तयार करून ठेवतो. त्याच जुन्या मार्गदर्शिकांमध्ये ‘एचडीपार्म’ वापरून डीएमए (माहिती थेट मेमरीत नेण्याची सोय) सुरू करण्याचा सल्लाही असतो. तो आयडीई केबलच्या काळातला आहे आणि साटा ड्राइव्हसाठी त्याची गरज उरलेली नाही.

‘एसआर०’ची ओळ मुळीच दिसत नसेल, तर ‘सुडो डीमेसेज’ (रोमनमध्ये dmesg) चालवून ड्राइव्ह जोडल्यावर कर्नलने काही नोंद केली आहे का ते पाहावे. आतल्या ड्राइव्हची नोंद नसेल तर केबल आणि बायोसमधील साटा पोर्टची सेटिंग तपासावी. बाहेरून जोडलेल्या यूएसबी ड्राइव्हच्या बाबतीत मात्र पहिला संशय विजेवर घ्यावा. यूएसबी २ पोर्टकडून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळणे अपेक्षित असते आणि डिस्कला वेग देताना काही ड्राइव्हना त्याहून अधिक प्रवाह लागतो. मग ड्राइव्ह ओळखला जातो, डिस्क फिरू लागते आणि त्याच क्षणी ड्राइव्ह नाहीसा होऊन पुन्हा नव्याने जोडला जातो. असा ड्राइव्ह हबमधून काढून थेट संगणकाच्या पोर्टला जोडावा किंवा दोन यूएसबी टोके असलेली केबल वापरावी.

ड्राइव्ह दिसतो, पण ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो, अशी स्थिती डेस्कटॉपवर लॉगइन केलेल्या वापरकर्त्यावर सहसा येत नाही, कारण आजच्या वितरणांमध्ये त्याला ड्राइव्हचा अधिकार आपोआप मिळतो. एसएसएचद्वारे (दुसऱ्या संगणकावरून) किंवा डेस्कटॉपशिवाय काम करणाऱ्याने मात्र स्वतःला डेबियन आणि उबुंटूवर ‘सीडीरॉम’ या, तर आर्चवर ‘ऑप्टिकल’ या गटात समाविष्ट करून घ्यावे आणि एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करावे.

ड्राइव्हची क्षमता पाहायची असेल तर ‘कॅट /प्रॉक/सिस/डेव्ह/सीडीरॉम/इन्फो’ ही कमांड उपयोगी पडते. तिच्यात ड्राइव्ह डीव्हीडी वाचू शकतो का, ट्रे बंद करू शकतो का, वेग बदलू शकतो का, हे १ किंवा ० अशा आकड्यांनी दाखवलेले असते. ब्लू-रेची माहिती मात्र या यादीत नसते.

डिस्क कोणत्या जातीची आहे

डीव्हीडी-व्हिडिओ डिस्क ‘युडिस्कसीटीएल माउंट -बी /डेव्ह/एसआर०’ या कमांडने (पहिला शब्द रोमनमध्ये udisksctl) माउंट करता येते, म्हणजे फोल्डरप्रमाणे उघडता येते, आणि आत ‘व्हिडिओ_टीएस’ हे फोल्डर दिसते. त्यातील व्हीओबी फाइलींमध्ये चित्र आणि ध्वनी असतो, आयएफओ फाइलींमध्ये रचनेची माहिती असते आणि बीयूपी फाइली या त्या माहितीच्या राखीव प्रती असतात. चित्रपट पाहण्यासाठी माउंट करणे आवश्यक नाही, कारण प्लेअर थेट ‘/डेव्ह/एसआर०’मधून वाचतो, माउंट करणे ही केवळ तपासणी आहे.

ऑडिओ सीडी मात्र कधीच माउंट होत नाही. तिच्यावर फाइल प्रणालीच नसते, नुसता ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटांचा ध्वनिप्रवाह असतो. त्यामुळे माउंट करताना आलेल्या त्रुटीवरून सीडी खराब आहे असा निष्कर्ष काढू नये. व्हीएलसी या प्लेअरमध्ये ‘सीडीडीए:///डेव्ह/एसआर०’ हा पत्ता द्यावा, आणि गाणी उतरवून घ्यायची असल्यास ‘सीडीपॅरानोइया -बी’ ही कमांड वापरावी. येथील ‘बी’ मोठ्या लिपीतील असते.

व्हिडिओ सीडी ही यांतली सर्वांत फसवी जात म्हणावी लागेल. ती माउंट होते, ‘एमपीईजीएव्ही’ या फोल्डरमध्ये ‘एव्हीएसईक्यू०१.डॅट’ ही मोठी फाइल दिसते, पण ती कॉपी करायला गेल्यास वाचनाची त्रुटी येते आणि डिस्क बाद झाली असे वाटते. प्रत्यक्षात डिस्क बहुधा ठणठणीत असते. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट उपयुक्त माहिती आणि त्याशिवाय चूक दुरुस्त करण्याची जादा माहिती असते. व्हिडिओ सीडीमध्ये जास्त चित्रण मावावे म्हणून त्या जादा माहितीचा बराचसा भाग सोडून देऊन सेक्टरमध्ये २३२४ बाइट चित्रण भरलेले असते. लिनक्सची फाइल प्रणाली २०४८ बाइटांच्याच हिशोबाने वाचते, आणि तेथे गाडे अडते. अशी डिस्क माउंट न करता व्हीएलसीमध्ये ‘व्हीसीडी:///डेव्ह/एसआर०’ या पत्त्याने उघडावी.

कुलूप उघडणारी लायब्ररी

डीव्हीडीच्या तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ येथे असते. बाजारात विकल्या गेलेल्या बहुसंख्य चित्रपटांच्या डीव्हीडींवर सीएसएस नावाचे कूटबंधन असते. आयएफओ फाइली त्यातून मोकळ्या असतात, व्हीओबी फाइलींमधील सेक्टर मात्र बंदिस्त असतात. म्हणूनच डिस्क माउंट होते, फाइलींची यादी दिसते, क्वचित मेनूही दिसतो, आणि मूळ चित्रपट सुरू करताच हिरवट-गुलाबी चौकोनांचा चुराडा दिसतो किंवा प्लेअर गप्प बसतो.

दोष कुलपाचा आहे की ओरखड्याचा, हे ठरवण्याची खात्रीची जागा म्हणजे ‘डीमेसेज’. दोन्ही वेळी ‘एसआर०’वर आय/ओ त्रुटी नोंदली जाते, पण तिच्या आधीच्या ओळी वेगळ्या असतात. ‘इल्लीगल रिक्वेस्ट’ आणि त्याखाली ‘रीड ऑफ स्क्रॅम्बल्ड सेक्टर विदाउट ऑथेंटिकेशन’ असे लिहिलेले असेल, तर डिस्क चांगली आहे, फक्त कुलूप उघडलेले नाही. ‘मीडियम एरर’ आणि ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’ असे शब्द असतील, तर डिस्क पुसण्याची किंवा ड्राइव्ह बदलून पाहण्याची वेळ आली आहे. या दोन ओळी वाचण्याची सवय लावून घेतली तर उरलेले काम पुष्कळच सोपे होते.

हे कुलूप उघडण्याचे काम व्हिडिओलॅन या प्रकल्पाची ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ ही लायब्ररी करते. डिजिटल कुलूप उघडण्याबाबतचे कायदे देशोदेशी वेगळे असल्यामुळे डेबियन, उबुंटू आणि फेडोरा ही वितरणे ती आपल्या मुख्य भांडारात ठेवत नाहीत. आपल्या देशातील नियम पाहूनच ती बसवावी.

डेबियन आणि उबुंटूवर ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ हे पॅकेज घ्यावे लागते. डेबियनमध्ये ते ‘कॉन्ट्रिब’ विभागात आणि उबुंटूमध्ये ‘मल्टिव्हर्स’ विभागात असते, म्हणून तो विभाग सुरू असल्याची खात्री करावी. नंतर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लिबडीव्हीडी-पीकेजी’ आणि त्यापाठोपाठ ‘सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर लिबडीव्हीडी-पीकेजी’ या दोन कमांड द्याव्यात. दुसरी कमांड विसरल्यामुळे अनेकांचे काम अडते: या पॅकेजमध्ये स्वतः लायब्ररी नसतेच, ते तिचा सोर्स कोड व्हिडिओलॅनच्या सर्व्हरवरून उतरवून आपल्या संगणकावर बांधून घेते आणि ही क्रिया दुसऱ्या कमांडने पूर्ण होते. त्यामुळे त्या वेळी इंटरनेट जोडणी हवी.

फेडोरावर आरपीएम फ्यूजनचे फ्री भांडार आधी जोडलेले असावे. त्यानंतर ‘सुडो डीएनएफ इन्स्टॉल आरपीएमफ्यूजन-फ्री-रिलीज-टेंटेड’ आणि मग ‘सुडो डीएनएफ इन्स्टॉल लिबडीव्हीडीसीएसएस’ अशा क्रमाने जावे. आर्चवर ‘सुडो पॅकमॅन -एस लिबडीव्हीडीसीएसएस’ एवढे पुरते. येथील ‘एस’ मोठ्या लिपीतील असतो.

फ्लॅटपॅकसारख्या बंदिस्त स्वरूपात बसवलेला प्लेअर स्वतःच्या लायब्ररी सोबत घेऊन येतो आणि सिस्टिमवर बसवलेल्या लायब्ररीकडे पाहत नाही. सगळे नीट करूनही कुलूप उघडत नसेल तर वितरणाच्या भांडारातील साधे पॅकेज बसवून पाहावे. डिस्कच्या कामासाठी तेच अधिक सोयीचे ठरते.

प्रदेश संकेताचा प्रश्न

सन २००० पासून तयार झालेल्या ड्राइव्हमध्ये प्रदेश संकेत, म्हणजे जगाच्या कोणत्या भागातील डिस्क चालावी हे ठरवणारा आकडा, खुद्द ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये साठवलेला असतो आणि वापरकर्त्याला तो केवळ ५ वेळा बदलता येतो. पाचव्या बदलानंतर तो कायमचा ठरून जातो. ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ला प्रदेश जुळण्याची गरज सहसा पडत नाही, कारण ड्राइव्हने किल्ली दिली नाही तरी ती गणिताने शोधून काढता येते, फक्त सुरुवातीला थोडा वेळ लागतो. काही ड्राइव्ह मात्र अधिक कडक असतात: प्रदेश ठरवलेलाच नसेल किंवा डिस्कशी जुळत नसेल, तर ते बंदिस्त सेक्टर देण्यासच नकार देतात. नव्या ड्राइव्हमध्ये एकही डिस्क चालत नसेल तर ‘रीजनसेट /डेव्ह/एसआर०’ चालवून सध्याचा संकेत आणि शिल्लक बदल पाहावेत, आणि आपल्या बहुतेक डिस्क ज्या प्रदेशाच्या आहेत तो संकेत एकदाच, विचारपूर्वक ठरवावा. निव्वळ प्रयोग म्हणून हे आकडे बदलू नयेत.

प्लेअर

डीव्हीडीसाठी व्हीएलसी हाच प्लेअर मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण तो मेनू, उपशीर्षके आणि अनेक ध्वनिमार्ग नीट हाताळतो. कंट्रोल आणि डी या कळा दाबून डिस्कची खिडकी उघडावी किंवा टर्मिनलमधून ‘व्हीएलसी डीव्हीडी:///डेव्ह/एसआर०’ असे लिहावे. मेनू अडखळत असेल तर त्याच खिडकीतील मेनू टाळण्याचा पर्याय निवडता येतो. तरीही तो पर्याय सवयीने निवडू नये. सोनीच्या आर्कॉससारख्या पद्धतींमध्ये प्रतिकृती रोखण्यासाठी काही सेक्टर मुद्दाम बिघडवून ठेवलेले असतात. मेनूतून गेलेला प्रेक्षक तेथे पोहोचत नाही, पण मेनू टाळून थेट शीर्षक उघडणारा तेथे जाऊन अडकू शकतो. एमपीव्ही हा दुसरा प्लेअर हलका आहे आणि ‘एमपीव्ही डीव्हीडी://’ एवढ्याने चित्रपट सुरू करतो, मात्र तो बांधताना डीव्हीडीचा आधार घातलेला असेल तरच.

हालचालीच्या दृश्यांत कडांवर कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेषा दिसल्या तर चित्रण इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेले) आहे असे समजावे; व्हीएलसी आणि एमपीव्ही या दोहोंतही ‘डी’ ही कळ दाबल्यास डीइंटरलेसिंग सुरू होते. चित्र थांबत-थांबत येत असेल तर व्हीएलसीला ‘--डिस्क-कॅशिंग=२०००’ हा पर्याय द्यावा, आणि ड्राइव्हचा घरघराट त्रास देत असेल तर ‘इजेक्ट -एक्स ४’ने वेग उतरवावा. पूर्वी चालणारी डिस्क अचानक चुराडा दाखवू लागली, तर होम डिरेक्टरीतील ‘.डीव्हीडीसीएसएस’ या लपलेल्या फोल्डरमध्ये साठलेल्या किल्ल्या पुसून पुन्हा प्रयत्न करावा.

ब्लू-रेबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. ‘लिबब्लूरे’ डिस्कची रचना वाचते आणि ‘लिबएएसीएस’ कुलूप उघडते, पण त्यासाठी ‘.कॉन्फिग/एएसीएस’ या फोल्डरमध्ये ‘केईवायडीबी.सीएफजी’ (यातील ‘केईवायडीबी’ मोठ्या लिपीत) ही किल्ल्यांची फाइल असावी लागते आणि तिच्यात त्या डिस्कची किल्ली नसेल तर काहीच होत नाही. जावावर चालणाऱ्या मेनूंसाठी जावा आणि ‘लिबब्लूरे’चे बीडी-जे पॅकेजही लागते.

डिस्क बाहेर येत नसेल तर ती बहुधा माउंट झालेली असते आणि कर्नलने ट्रे अडवून धरलेला असतो. आधी ‘युडिस्कसीटीएल अनमाउंट -बी /डेव्ह/एसआर०’ आणि मग ‘इजेक्ट’ अशा कमांड द्याव्यात. त्यानेही ट्रे हलला नाही तर संगणक बंद करून ड्राइव्हच्या दर्शनी पट्टीवरील बारीक छिद्रात सरळ केलेली कागदाची पिन हळूच दाबावी.