कॉम्प्युटर गुपचूप कोणाशी बोलतोय? घरच्या घरी असा माग काढा

एप्रिलची दुपार, सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर. पूर्व भागात मित्राचं घर: खाली यंत्रमाग, वर माडीवर टॉवेलची डिझाइनं काढायचा कॉम्प्युटर. "ह्याचा पंखा बघ की, काम नसताना पण कोकलतोय," तो म्हणाला. मी म्हटलं, ह्या उन्हात कोणाचाही पंखा कोकलेल. माझं चुकलं. रात्री दहाला हवा जरा निवली तरी पंखा तसाच. चालू प्रोग्रॅम दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला की मात्र थोड्या वेळात गप्प, बंद केला की पुन्हा सुरू. बघणारा आला की शहाण्यासारखं वागणारं पोर, तसला प्रकार.

त्या रात्री आम्ही जसा माग काढला, तसाच इथे सांगतो. पायऱ्या विंडोज १० आणि ११ साठी आहेत.

आधी एक अट. माउस आपोआप हलत असेल किंवा खात्यातून पैसे गेले असतील, तर शोध-बिध नंतर. नेटची केबल काढा, वायफाय बंद करा आणि मोबाइलवरून १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

तसं काही नसेल तर सुरुवात आपल्याच पसाऱ्यापासून. ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप, फोटो वर चढवणारी अ‍ॅप्स, सगळं बंद करा. नाहीतर आपल्याच जोडण्यांच्या गर्दीत पाहुणा दिसणार नाही. शेजारी कागद-पेन ठेवा. वेळ, प्रोग्रॅमचं नाव, तो ज्याच्याशी बोलतोय त्याचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता लिहीत जा. उद्या आठवणार नाही, खरंच.

आता स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर शोधून उघडा आणि नेटवर्कच्या टॅबवर या. कोणता प्रोग्रॅम कोणत्या पत्त्याशी बोलतोय, किती माहिती पाठवतोय, हे तिथे चालू स्थितीत दिसतं. आणखी खोलात जायचं तर कमांड प्रॉम्प्टवर उजवी क्लिक करून तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. त्यात इंग्रजीत नेटस्टॅट लिहा, एक जागा सोडा, मग आडवी रेघ आणि तिला चिकटून ए, बी, एन, ओ ही चार अक्षरं. यादी यायला वेळ लागतो, घाबरू नका. प्रत्येक जोडणीखाली चौकोनी कंसात प्रोग्रॅमचं नाव आणि ओळीच्या शेवटी त्याचा क्रमांक, म्हणजे पीआयडी, येतो.

यादी पाहून पहिल्यांदा धडकीच भरते. गड्ड्याच्या जत्रेत हजारो माणसं असतात, म्हणून सगळे खिसेकापू नसतात. १२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे कॉम्प्युटर स्वतःशीच बोलतोय. १९२.१६८ ने सुरू होणारा म्हणजे घरातलाच कोणी: राउटर, प्रिंटर, टीव्ही. लिसनिंग म्हणजे दार लावून आत कोणी हाकेची वाट पाहतंय, एस्टॅब्लिश्ड म्हणजे बोलणं चालू आहे. पत्ता परदेशातला निघाला एवढ्यावरून संशय घेऊ नका. मायक्रोसॉफ्ट, गूगल, अ‍ॅमेझॉन यांचे सर्व्हर जगभर पसरलेत आणि निम्मी अ‍ॅप्स त्यांच्यावरच चालतात. उलट, ४४३ हा सुरक्षित वेबसाइटचा पोर्ट (पत्त्याला जोडून येणारा दाराचा क्रमांक) दिसला म्हणून निर्धास्तही होऊ नका. चोरसुद्धा हमरस्त्यानेच येतो.

मित्राच्या यादीत एसव्हीसीहोस्ट नावाचे बरेच प्रोग्रॅम होते. विंडोजमध्ये ते असतातच. त्यातला एक मात्र ३३३३ या पोर्टवर बाहेर बोलत होता. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गुपचूप आभासी चलन खणणारे, म्हणजे त्याला राबवून ते चलन कमावणारे प्रोग्रॅम हा पोर्ट बऱ्याचदा वापरतात. पंख्याचं कोकलणं आता जुळलं. पण पोर्ट हा फक्त इशारा, पुरावा नव्हे.

पुरावा घर पाहून मिळतो. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये तो पीआयडी शोधा, उजवी क्लिक करा आणि ओपन फाइल लोकेशन निवडा. अस्सल एसव्हीसीहोस्ट विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम३२ मध्ये राहतो. आमचा महाभाग निघाला अ‍ॅपडेटामध्ये, एका निरर्थक नावाच्या फोल्डरात. क्रोम, झूमसारखी चांगली अ‍ॅप्सही कधीकधी अ‍ॅपडेटामध्येच बसतात, म्हणून एवढ्यावर फाशी देऊ नका. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीची सही, पाहा. विंडोजचं नाव घेऊन भलत्याच फोल्डरात बसलेली फाइल आणि सही कोणाचीच नाही, म्हणजे बहुधा सोंग. नावातल्या अक्षरांची अदलाबदलही डोळे ताणून वाचा.

सही आहे म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. दुरुस्तीला आलेल्या कोणीतरी टाकलेलं, दुरून कॉम्प्युटर चालवायचं एनीडेस्क सहीचं, कायदेशीर असतं. पण त्याला तुमचा पासवर्ड माहीत असेल तर ते मागचं उघडं दार आहे. वापरत नसाल तर काढून टाका.

अजून शंका असेल तर ती फाइल व्हायरसटोटलच्या साइटवर तपासा. साठ-सत्तर अँटिव्हायरस एकदम मत देतात. एखाद-दुसऱ्यानेच बोट दाखवलं तर चुकीचा गजर असू शकतो, तीस-चाळीस जणांनी दाखवलं तर वाद संपला. मात्र तिथे फक्त प्रोग्रॅमची फाइल चढवा. चढवलेल्या फाइल इतर सुरक्षा कंपन्यांपर्यंत जातात, म्हणून बँकेचं स्टेटमेंट, आधारची प्रत तिथे टाकायची नाही.

आता ही ब्याद आली कुठून? मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा भाग, आणि लोक नेमका हाच सोडून देतात. मित्राने डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर कोणाकडून तरी पेनड्राइव्हवर फुकट आणलं होतं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, आधी अँटिव्हायरसला हा फोल्डर तपासू नको असं सांगा. त्याने इमानेइतबारे सांगितलं! विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, गप्प का, याचं उत्तर तिथेच होतं. तुम्हीही पाहा: विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि तळाशी एक्सक्लूजन्स. तुम्ही स्वतः विचार करून न टाकलेली प्रत्येक नोंद काढा. हे स्कॅनच्या आधी करायचं, नाहीतर स्कॅनही तो फोल्डर वगळून पुढे जाईल.

कॉम्प्युटर चालू होताना काय काय उठतं, ते पाहायला मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स फुकट मिळतं. फक्त मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय निवडला की यादी आटोक्यात येते. संशयित नोंद पुसू नका, समोरची खूण काढा. चुकलंच तर परत लावता येते. आम्हाला शेड्यूल्ड टास्क्समध्ये, म्हणजे आपोआप चालायला लावून ठेवलेल्या कामांत, एक काम सापडलं. फाइल नुसती पुसली असती, तर त्याने ती पुन्हा आणून बसवली असती.

मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन. उघडं काम सेव्ह करा, कारण कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज उठायच्या आधी तपासणी होते. साधारण १५ मिनिटं लागतात. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलायचे, पण दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्डही जाता जाता बदला.

स्कॅन स्वच्छ आला तरी आम्ही डिझाइनच्या फाइल तेवढ्या काढून घेतल्या आणि विंडोज नव्याने टाकलं. पासवर्ड चोरणारं काही सापडलं, तर तुम्हीही तेच करा, तिथे डागडुजी नको. फुकटचं सॉफ्टवेअर अर्थात परत टाकलं नाही. दोन दिवसांनी तीच नेटस्टॅटची यादी पुन्हा काढून कागदाशी ताडून पाहिली. ३३३३ नव्हता. पंखा दुपारी मात्र अजून कोकलतो. तेवढं खरंच उन्हामुळे.